देवमासा मासा नाही, याने काय फरक पडतो?

आजचा एपिसोड एका नावावर आहे: देवमासा. नावातच मासा. अंग माशासारखं निमुळतं, पर आहेत, शेपटी आहे, राहतो समुद्रात. तरी जीवशास्त्रज्ञ म्हणतात, हा मासा नाही. आता तुम्ही म्हणाल, मासा असला काय नि नसला काय, आपल्याला काय फरक पडतो?

पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत अडकलं होतं. कित्येक तास माणसं राबली, पण ते वाचलं नाही. अशा वेळी नेमकं काय करायचं, हे तो प्राणी कोण आहे यावरच ठरतं. म्हणून आधी तो कोण आहे ते बघू.

वर्गीकरण करताना बाहेरचा आकार फसवतो. पाण्यात वेगाने पोहायचं तर निमुळतं अंग सोयीचं, म्हणून शार्कलाही ते मिळालं आणि देवमाशालाही. पण दोघांना ते वेगवेगळ्या वाटेने मिळालंय. एकसारखा रेनकोट घातला म्हणून दोन माणसं सख्खे भाऊ होत नाहीत ना, तसंच.

मग रेनकोटच्या आत बघायचं. देवमाशाला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. मादी पिल्लाला दूध पाजते. पराच्या आत दंडाचं हाड, मनगट, बोटं, म्हणजे तुमच्या-माझ्या हाताचाच आराखडा. आणि शेपटी बघा. मासा ती डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. कुत्रा जोरात पळताना त्याचा कणा कसा वर-खाली वाकतो? तीच हालचाल. अशाच खुणा पाहून लिनियसने १७५८ मध्ये देवमाशाला माशांमधून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं.

पण सस्तन म्हटलं तरी प्रश्न उरतोच: कुणाच्या घराण्यातला? इथे शरीररचनेच्या जोडीला उत्क्रांतीतलं नातं शोधावं लागतं. डीएनए तपासल्यावर उत्तर आलं की, आज जिवंत असलेल्यांपैकी देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे पाणघोडा! पूर्वी पाणघोड्याला डुकराच्या जवळचा मानायचे. आता कळलं की त्याचं देवमाशाशी नातं डुकरापेक्षा जवळचं आहे. म्हणजे गाय, हरीण, डुक्कर या समखुरी प्राण्यांच्या मोठ्या कुटुंबातच देवमासा बसतो.

याचा एक धागा भारतातही आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळून जीवाश्म असलेले खडक गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर ते फोडले गेले आणि त्यात सापडला इंडोहायस, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. अंगाने मांजरापेक्षा थोडा मोठा, ठेवण आपल्या पिसोरी हरणासारखी. पण कानाजवळचं एक जाड हाड अगदी देवमाशांच्या हाडासारखं! पायांची हाडंही जड, उथळ पाण्यात चालणाऱ्या प्राण्यांसारखी. २००७ मध्ये हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी हे जगापुढे मांडलं. इंडोहायस हा देवमाशांचा थेट पूर्वज असेलच असं नाही. पण जवळच्या शाखेतला नक्की.

आता परत किनाऱ्यावर येऊ. मासा पाण्याबाहेर श्वासावाचून तडफडतो. देवमाशाचं तसं नाही, तो हवेतच श्वास घेतो. त्याचं संकट वेगळं आहे. अंगावर चरबीचा जाड थर असतो, त्यामुळे उन्हात शरीर तापतं. पाण्याचा आधार गेला की स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसं दबतात. म्हणून अंगावर ओली कापडं टाकायची, हळूहळू पाणी ओतत राहायचं, सावली करायची. पण डोक्यावर जे भोक असतं ते त्याचं नाक आहे. तिथे पाणी किंवा वाळू जाता कामा नये. मासा समजून तिथेच बादली ओतली, तर आपण मदत करत नाही, त्याला गुदमरवतो. शेपटीला दोर बांधून ओढायचंही नाही, कणा दुखावतो. गर्दी मागे हटवायची आणि लगेच वनविभागाला फोन करायचा. सेल्फी नंतर. खरं तर नकोच.

नाव देवमासाच राहू दे, छान आहे. फक्त कधी समोर आलाच, तर आधी त्याचं नाक शोधा.

एपिसोड आवडला तर कोकणातल्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!