घरबसल्या विक्री : परत आलेला माल आणि विक्रेत्याचा हिशेब

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि स्वयंसहायता गटांच्या प्रतिनिधींसमोर दिलेले भाषण)



ग्रामीण कारागिराला दूरची बाजारपेठ मिळावी ही आपली जुनी आकांक्षा आहे. मोबाइलवरून चालणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांमुळे ती आज बऱ्याच अंशी साध्य झाली आहे. पापड, मसाले, हातमागाचे कापड, चामड्याच्या वहाणा अशा वस्तू गावातून थेट ग्राहकाच्या दारी पोहोचतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि, या विक्रेत्यांशी बोलताना एक तक्रार वारंवार कानी पडते : "माल खपतो, पण हाती काही उरत नाही." या तक्रारीची कारणे आज आपणापुढे मांडावयाची आहेत.

एका जोडाचा हिशेब

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांच्या या संयुक्त वारशाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. जोडाची किंमत ६०० रुपये व तयार करण्याचा खर्च ३४० रुपये धरा. बाजारपेठेचे कमिशन व ठरावीक शुल्क मिळून ९० रुपये, पोहोचविण्याचा खर्च ७० रुपये आणि या १६० रुपयांच्या सेवांवर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर २८ रुपये ८० पैसे. विक्रेता करासाठी नोंदलेला नसेल, तर हा कर त्याला वजा करून घेता येत नाही. म्हणजे त्याच्या हाती ४११ रुपये २० पैसे येतात आणि शिल्लक ७१ रुपये २० पैसे राहते.

आता तोच जोड परत आला असे समजा. ग्राहकाला पूर्ण रक्कम मिळाली आणि कमिशनही माफ झाले, तरी जाण्याचे ७० व परतीचे ८० रुपये करासह विक्रेत्याच्या माथी बसले, तर १७७ रुपयांचा भुर्दंड होतो. एक परत आलेला जोड जवळजवळ अडीच जोडांची कमाई खाऊन टाकतो. तो भिजलेला वा वापरलेला परत आला, तर सात जोडांहून अधिक विक्रीचा नफा बुडतो. माल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत तर ग्राहकाने दारातूनच माल परत पाठविला, तरी वाहतूक घडलेलीच असते.

याखेरीज वजनाचा वाद असतो. कुरियर व्यवसायात खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागण्याची व येणारा आकडा किलोग्रॅम मानण्याची पद्धत रूढ आहे. ३० बाय २० बाय १२ सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन १.४४ किलो होते. आतील जोड अर्ध्या-पाऊण किलोचा असला, तरी आकारणी मोठ्या आकड्यावर होते. खोके लहान केले तर हा खर्च वाचतो, हे अनेकांना तोटा झाल्यावरच समजते.

ग्राहकाचा हक्क आणि विक्रेत्याची बाजू

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सदोष, वर्णनाशी न जुळणारा वा ठरल्या मुदतीनंतर आलेला माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क योग्यच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनी तो मान्य केला आहे. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व निवारण एका महिन्यात करावे, असेही बंधन आहे. परंतु खोक्यात नव्या जोडाऐवजी जुना जोड घालून परत आल्याचे विक्रेत्याचे गाऱ्हाणे असेल, तर त्यासाठी या नियमांनी अशी मुदत घातलेली नाही. तेथे करारातील अटीच लागू होतात, आणि त्या बहुधा एकाच पक्षाने लिहिलेल्या असतात.

युरोपीय संघाने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे जुलै २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार, अटी बदलण्यापूर्वी विक्रेत्यांना सामान्यतः किमान १५ दिवसांची सूचना द्यावी लागते आणि खाते स्थगित केल्यास कारणे कळवावी लागतात. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० च्या अभ्यास-अहवालात कराराच्या अटींतील बदलांबाबत पारदर्शकतेचा आग्रह धरला होता.

आपल्याला ही समस्या अपरिचित नाही. आडत, हमाली, तोलाई यांच्या कपातींनी शेतकरी गांजला होता, म्हणूनच १९६३ साली कृषि उत्पन्न बाजाराचे नियमन करणारा कायदा राज्याने केला. खरे वजन आणि स्वच्छ हिशेबपट्टी ही मागणी तेव्हा रास्त होती. बाजार मोबाइलवर आला म्हणून ती कमी रास्त ठरत नाही.

आपण काय करू शकतो?

विक्रेत्याने माल बांधताना त्याचे चित्रण करावे, वजन व मापाचे छायाचित्र ठेवावे. पायाचे माप कसे घ्यावे हे मराठीत व इंग्रजीत सांगावे. हातकामात रंगाचा किंचित फरक पडतो, हे आधीच लिहावे. परत आलेले खोके उघडतानाही चित्रण करावे, कारण दाव्याची मुदत थोडी असते.

करासाठी नोंदलेल्या विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर बाजारपेठ वस्तू व सेवा कर कायद्याखाली अर्धा टक्का रक्कम कापून ठेवते. हा दर १० जुलै २०२४ पासून आहे. ही रक्कम बुडत नाही. पोर्टलवर ती स्वीकारली म्हणजे आपल्या रोख खातेवहीत जमा होते. मर्यादेखालील लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवायही वस्तू विकता येतात, मात्र राज्याच्या आतच. कोल्हापूरचा असा कारागीर पुण्यास माल पाठवू शकतो, शेजारच्या बेळगावास नाही.

शिक्षक बंधूंना विनंती आहे की, इंग्रजीतील अटी गटातील भगिनींना वाचून व समजावून द्याव्यात. वरील हिशेब तर शाळेच्या गणितातही घेता येईल. पंचायतींनी महिन्यातून एक दिवस विक्रेत्यांच्या हिशेबपट्ट्या तपासण्यासाठी राखून ठेवावा. अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात "विक्री कशी करावी" याबरोबर "काय कापले गेले" हेही शिकवावे. एकट्या विक्रेत्याचे पत्र सहज दुर्लक्षिले जाते. पन्नास विक्रेत्यांच्या तारीखवार नोंदी दुर्लक्षिणे कठीण असते.

माल किती खपला, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. कारागिराच्या घरी किती पोहोचले, हा खरा हिशेब. तो मांडण्याची सवय आपल्या गावांना लागावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.