‘हिस्टेरिया’ : एका नावाची कुळकथा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एखादी सून चक्कर येऊन पडली, तिची दातखिळी बसली, की शेजारीपाजारी चटकन म्हणतात, “काही नाही हो, हिस्टेरिया आहे.” हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचे कूळ कोणी विचारीत नाही. आज तेच विचारावे म्हणते.

शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, पण त्याचे माहेर ग्रीस. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर ‘हिस्टरेक्टमी’ म्हणतात, तिथेही तोच शब्द. गर्भाशयासंबंधीचे ते ग्रीकांचे ‘हिस्टेरिकोस’. त्याचे लॅटिनमध्ये ‘हिस्टेरिकस’ झाले आणि त्या वाटेने तो इंग्रजीत शिरला.

पण दुखणे मूर्च्छेचे, मग नाव गर्भाशयाचे का? सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांची अशी समजूत होती की गर्भाशय जागा सोडून अंगात भटकते आणि वर सरकून श्वास कोंडते. मग रोग्याच्या नाकाशी घाण वासाचे पदार्थ धरायचे, म्हणजे ते खाली पळेल! आणि कायमचा उपाय? लग्न आणि बाळंतपण.

हे सर्वांनाच पटले होते असे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनसने ही भटकंती साफ नाकारली. १९ व्या शतकात पॅरिसच्या डॉक्टर शार्को यांनी हेच दुखणे पुरुषांतही दाखवून दिले. पुढे १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हिस्टेरिया हा एकच रोग न मानता लक्षणांप्रमाणे त्याची निरनिराळ्या नावांखाली वाटणी केली.

आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ याचे दोन अर्थ आहेत. बारशाला ठेवतात ते एक, आणि दोष देताना ठेवतात ते दुसरे. या शब्दात दोन्ही एकत्र आले आहेत. मूर्च्छेमागे अपस्मार असेल, अंगात रक्त कमी असेल, हृदयाचा दोष असेल. किंवा मनावर न पेलणारा ताण असेल, आणि तोही सोंग नव्हे. परंतु “हिस्टेरिया आहे” म्हटले की तपासणीच थांबते.

म्हणून भगिनींनो, एवढेच मागणे आहे. नाव ठेवण्याआधी तिला दवाखान्यात न्या. आणि काय होते आहे, ते आधी तिलाच विचारा.