पंगू सैनिकांचे घर



लढाईत पाय गमावून परतलेल्या माणसाला गावात काय मिळते? ओसरीवर एक बाज, दोन वेळची भाकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची हळहळ. यात माया आहे खरी. पण त्याचे हात रिकामेच राहतात. त्या हातांना काम देणाऱ्या घरांची हकीकत आज मी धामणगावकरांपुढे मांडणार आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० साली पॅरिसला पंगू सैनिकांसाठी भव्य वास्तू उभारण्याचा हुकूम काढला. आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या महायुद्धाने पुढे आणला. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. युद्धातले जखमी जहाजांनी मुंबईला येत. तेथे १९१७ साली गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. तिच्या नावात आश्रम नाही, धंदेशिक्षण आहे, हे ध्यानात घ्यावे. पेन्शनने पोट भरते. हुन्नराने माणूस उभा राहतो.

१९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. तुटलेल्या पायाच्या जागी दुसरा बसवता येतो. परंतु पाठीच्या कण्यात गोळी शिरून कमरेखालचे अंगच लुळे पडले तर? अशा अंगाला वेदना कळत नाही. एका कुशीवर पडून पाठीला जखमा होतात, मूत्रमार्गात पू होतो, आणि पूर्वी त्यातच माणूस जाई. अशांसाठी १९७४ साली खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उघडले. तेथे शुश्रूषा आहे, चाकाची खुर्ची आहे. त्याचबरोबर काम आहे आणि खेळही आहेत.

खेळ कशाला, असे कोणी विचारील. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पंगू झाले. त्याच पेटकरांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. ते बाजेवरच राहिले असते, तर हे बळ कोणाला दिसले असते?

मंडळी, बाज आपल्याही आळीत असते. कोणी विहिरीत पडलेला, कोणी यंत्रात हात गेलेला. त्याला भाकरी जरूर द्या, पण देताना "तुला काय करता येईल?" एवढे विचारा. खडकीच्या घरांचा सारा इतिहास या एका प्रश्नात आहे.

जय हिंद!