बावीस वर्षांचा खंड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'मी बी. ए. कशी झाले' असा. पण परीक्षांविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. अभ्यास केला, दुसऱ्या वर्षी इंग्रजीत नापास झाले, पुन्हा बसले, सुटले. २०१२ साली पदवी मिळाली. खरी कसोटी लागली ती त्याच्या आधी, २००९ च्या जूनमध्ये, अर्ज भरताना. आपल्यापैकी तिघीचौघींनी मला हल्ली तेच विचारले, म्हणून आज अर्जापुरतेच बोलणार आहे.

माझे माहेर धुळ्याचे, तिथल्या नंबरी गल्ल्यांतले. १९८७ साली बारावी झाले आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात लग्न होऊन इकडे जळगावला आले. पुढचे आपण जाणताच. दोन मुले, खताबियाण्याचे दुकान, सासूबाईंचे अंथरूण. धाकटी दहावी झाली तेव्हा तिच्या अकरावीच्या प्रवेशासाठी मी रांगेत उभी होते. समोर फलकावर बी. ए. प्रथम वर्षाची सूचना लावलेली. वेळ जात नव्हता म्हणून वाचली. सगळ्या अटी वाचून झाल्यावर ध्यानात आले, की वयाची अट कोठेच नाही. पुन्हा वाचली. खरोखरच नव्हती.

खिडकीवर गेले आणि फॉर्म मागितला. कारकून म्हणाले, "मुलीला पाठवा, सही तिची लागते." मी म्हटले, फॉर्म मलाच हवा आहे. त्यांनी मागे वळून दुसऱ्या कारकुनाकडे पाहिले. मग कोणी वरचे गृहस्थ आले व सौम्यपणाने म्हणाले, "वर्गात मुलांना अवघडल्यासारखे होईल हो." नाही कोणीच म्हणाले नाही, पण फॉर्मही दिला नाही. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, निदान माझ्या कॉलेजात नको." तिचे मला तेव्हा लागले. आता वाटते, सोळा वर्षांच्या मुलीने दुसरे काय म्हणावे?

घरचे म्हणाले, मुक्त विद्यापीठ आहे ना! ते खरेच आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांची मोठी सोय करीत आले आहे, आणि जिला दुपारी घर सोडता येत नाही तिने तिकडेच जावे असे मी म्हणेन. ज्यांची दहावी राहिली आहे त्यांच्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, तो भरून बाहेरून बसता येते. पण मला, खरे सांगायचे तर, वर्गातला बाक हवा होता. बावीस वर्षे मी पुस्तके उभ्याने वाचली होती, ओट्याशी. मला बसून कोणाचे तरी शिकवणे ऐकायचे होते.

दुसऱ्या कॉलेजने फॉर्म दिला. मात्र सोबत कागदांची यादी दिली : गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नाव बदलल्याचा पुरावा आणि खंडाचे प्रतिज्ञापत्र.

नावाचे आधी सांगते, कारण ते आपणा सर्वांना अडणार. गुणपत्रिकेवर माझे माहेरचे नाव. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायला विवाहाचा दाखला पाहिजे. आमचे लग्न नोंदवलेलेच नव्हते. आपल्या राज्यात नोंदणीचा कायदा १९९८ सालचा, आमचे लग्न त्याच्या अकरा वर्षे आधीचे. तेव्हा लग्नपत्रिका शोधली, तीन साक्षीदार गाठले. लग्न लावणारे भटजी वारलेले, त्यांच्याऐवजी आणखी एक कागद. महापालिकेच्या कचेरीत आम्ही उभयता बावीस वर्षांनी पुन्हा साक्षीदारांसमोर उभे राहिलो. आमच्या घरातून तोपर्यंत या प्रकरणावर होय की नाही काही आले नव्हते. परतताना म्हणाले, "आता फी किती आहे ते सांग."

दाखल्यासाठी धुळ्याला जावे लागले. पहाटेची एस. टी. धरली. एरंडोल, पारोळा मागे पडले तसे मला भय वाटू लागले, की तिथेही कोणी हसेल. मी शिकत होते तेव्हा धुळ्याची कॉलेजे पुणे विद्यापीठाखाली होती, नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता. आपले विद्यापीठ १९९० साली निघाले, नंदुरबार १९९८ साली वेगळे झाले. मी घरात होते तेवढ्यात जिल्हे आणि विद्यापीठे बदलून गेली होती.

पण शाळेतले कारकून वयस्कर निघाले, हसले नाहीत. जाड रजिस्टर काढून बोट फिरवीत म्हणाले, "तुमचा दाखला तर तेव्हाच नेलेला आहे. जून १९८७. ही वडिलांची सही." मला काही माहीत नव्हते. त्यापुढे शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो. त्यात लिहिले होते : पुढील शिक्षणासाठी.

बाबा जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मी तशीच आईकडे गेले. आईने काही न विचारता पत्र्याची पेटी उघडली. तळाशी दाखला होता, घड्या पडलेला. आई म्हणाली, "तुना बापनी फारमबी आणेल व्हता." फॉर्म आणला होता, आणि त्याच आठवड्यात जळगावहून स्थळ आले. स्थळ चांगले होते. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नव्हता. मला तर वाटत होते त्यांच्या मनातच नव्हते. इतकी वर्षे मी त्यांच्यावर मनातून रुसले होते, ते त्यांना कळले होते की नाही कोण जाणे. परतीच्या गाडीत मी दाखला पिशवीत ठेवला नाही, हातातच धरला.

राहिले प्रतिज्ञापत्र. मध्ये वर्षे गेली असली की हा कागद द्यावा लागतो. या काळात दुसरीकडे कोठे प्रवेश घेतला नव्हता एवढेच त्यात पाहतात. तहसील कचेरीबाहेर टाइप करून देणाऱ्याकडे मजकूर तयारच होता. त्याने वाचून दाखवले : "सदर कालावधीत मी घरीच होते व काहीही करीत नव्हते." मी म्हटले, हे शेवटचे काढा. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांचे असेच असते." मी म्हटले, खाली शपथ आहे ना? मग खोटे कसे लिहू? दोन बाळंतपणे, सासूबाईंची सहा वर्षे, दुकानाची खतावणी रोज रात्री मी लिहीत होते. मागे रांग खोळंबली होती. अखेर "कोठेही प्रवेश घेतलेला नव्हता" असे घातले. त्याने दहा रुपये जास्त घेतले, ते मी आनंदाने दिले.

मोठ्या वयात शिकायला बसलेल्या बायका आपल्याकडे काही नव्या नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे, विशी उलटलेल्या होत्या. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले चाळिशी केव्हाच ओलांडल्यावर अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी कामे करून तिथे इंग्रजी शिकल्या. पुण्याच्या सेवासदनाने तर १९०९ पासून प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालवले. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे, आणि आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर लिहिता येत नव्हते. माझ्या पदवीवर ते नाव नाही. सहा-सात वर्षे उशिरा शिकले असते तर तेवढे वाटून राहिले नसते, असे कधी मनात येते.

एक गोष्ट मात्र या मंडळात सांगायलाच हवी. माझे वर्ग सकाळी साडेसातपासून बारापर्यंत. सासूबाईंना एकटे ठेवता येत नव्हते. तीन वर्षे आपल्या गल्लीतल्या पाच जणींनी वार वाटून घेतले होते. सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या, मग त्यांना गुरुवारवाली विशेष आवडू लागली, कारण ती पत्ते खेळायची. मी नापास झाले त्या वर्षी त्याच मला म्हणाल्या, "फी भरलीय ना? मग?"

कागदांचे सांगते. यादी मी चिटणीसबाईंकडे दिली आहे, प्रतिज्ञापत्राची प्रतही सोबत जोडली आहे. ज्यांचे लग्न नोंदवलेले नसेल त्यांनी ते काम आधी करावे, त्याला दिवस लागतात. फॉर्म जूनमध्ये सुटतात. मी दुपारी तीननंतर घरीच असते.