सूर्य पाहायला यान कशाला?



सूर्य तर रंकाळ्यावरूनही दिसतो, मग यान कशाला? शंका रास्त आहे. सूर्याचे बरेचसे अतिनील किरण वातावरणातला ओझोन अडवतो, म्हणून आपण सुखरूप आहोत. पण त्या किरणांतले सूर्यरूप त्यामुळेच आपल्याला दिसत नाही. ते पाहायला वातावरणाबाहेरच जावे लागते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ रोजी सुमारे १५ लाख किलोमीटरवरील कक्षेत पोहोचले. त्यावरील ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रोच्या सहकार्याने घडवली. आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले. सौरवादळे उपग्रह आणि वीजपुरवठा बिघडवू शकतात. म्हणून सूर्याची नाडी ओळखणे हे आपल्या घरचेच काम आहे.