कागदाचा प्रवास आणि माणसाचा वेळ

(स्मृतिव्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हाला गणित शिकविले. उत्तर बरोबर असूनही वाटेत अकारण पायऱ्या वाढविल्या, तर ते अर्धा गुण कापीत आणि विचारीत, "उत्तर आले, पण माझा वेळ का खाल्लास?" पुढे सारे आयुष्य सरकारी नोकरीत गेले, तेव्हा हा प्रश्न मला फार उशिरा आठवला. आजचा विषय त्याच प्रश्नाचा आहे.

कारखानदारीत 'लीन' नावाची एक कार्यपद्धती आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सडपातळ. आपल्या भाषेत मात्र लीन म्हणजे नम्र, आणि मला आपलाच अर्थ अधिक जवळचा वाटतो. हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफचिक या अभ्यासकाने दिले. पद्धत त्याहून बरीच जुनी, जपानच्या टोयोटा कंपनीत घडलेली. तेथील अभियंते ताईची ओनो यांनी कारखान्यातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा अधिक उत्पादन, साठा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक हालचाल, अनावश्यक प्रक्रिया, सदोष माल, आणि नुसते वाट पाहणे. मोटारीच्या कारखान्यात यांतला पहिला प्रकार सर्वांत घातक मानतात. सरकारी कचेरीत शेवटचा, कारण तेथे वाट पाहतो तो सुटा भाग नसतो, माणूस असतो.

टोयोटाचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. दोष दिसताक्षणी काम थांबवावे, तो पुढच्या माणसाच्या हाती जाऊ देऊ नये, हे तत्त्व तेथून आले. भैरवगढच्या लोकांना हे जपानकडून शिकण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या छपाई कारागिराला विचारा. मेणाची रेघ नको तेथे तुटली असेल, तर कापड रंगात बुडविण्यापूर्वीच ती सांधावी लागते. एकदा रंग आत शिरला की कोणताही पर्यवेक्षक तो बाहेर काढू शकत नाही. आणि उकळत्या पाण्यात सुटलेले मेण कारागीर पुन्हा गोळा करतो, फेकून देत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. कचेरीचे नाव सांगत नाही. दोष माझा होता. एका प्राथमिक शिक्षकाच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाची नस्ती माझ्याकडे आली. मी एक त्रुटी काढली आणि नस्ती परत पाठविली. ती सुधारून आली, तेव्हा दुसरी दिसली. मग तिसरी. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी कागदावर होत्या. मी नस्ती शेवटपर्यंत वाचली नव्हती, एवढेच. प्रत्येक फेरीला दीड-दोन महिने गेले. त्या बाई तराण्याहून बसने येत, बाकावर बसत आणि 'अजून आले नाही' हे ऐकून परत जात. नस्ती निघाली त्या दिवशी मी शिक्क्यांच्या तारखा लावून पाहिल्या. प्रत्यक्ष काम जेमतेम दोन तासांचे होते. बाकीचे सात महिने कागद कोणाच्या तरी टेबलावर नुसता पडून होता. त्या काळात बाईंनी व्याजाने पैसे काढले होते, हे मला नंतर कळले. ते व्याज कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

हे सरकारात सुधारता येते का? येते, आणि त्याचे उत्तम उदाहरण मराठी मुलखातच आहे. अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्या तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, १९८० च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. 'लीन' हा शब्द जन्मण्यापूर्वीच त्यांनी आपल्या कचेरीत जे केले, ते 'लखिना पॅटर्न' म्हणून पुढे महाराष्ट्रभर ओळखले गेले. त्यांनी आरंभ केला तो बसण्याच्या जागांपासून, कामाच्या वाटपापासून आणि अभिलेखांपासून. कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'अ' कायम जपायचा, 'ड' वर्षभरात नष्ट करायचा. नियम होताच, पण नष्ट करायला कोणी धजत नसे, म्हणून जिवंत कागद मेलेल्या कागदांखाली गाडला जाई.

याच परंपरेतली सहा गठ्ठ्यांची पद्धत मला विशेष आवडते. लिपिकाने टेबलावरचे सारे कागद सहा भागांत लावायचे: प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात धाडावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. यासाठी यंत्र लागत नाही. सुतळी आणि जुने धोतर पुरते. पण गठ्ठे लागले की प्रलंबित किती, हे साहेबाला, लिपिकाला आणि समोर उभ्या माणसालाही दिसते. २०१७ मध्ये पुणे महसूल विभागात 'झीरो पेंडन्सी'ची मोहीम निघाली, तिचाही पाया हाच होता. मग ती मोहीम पुन्हा काढावी का लागली, हे विचारले पाहिजे. माझे मत असे, की अधिकाऱ्याच्या उत्साहाने लागलेले गठ्ठे त्याच्या बदलीबरोबर सुटतात. टोयोटात दोष दिसला की काम थांबविण्याची दोरी कामगाराच्या हाताशी असते. आपल्या लिपिकाच्या हाताशी अशी दोरी नाही. 'हा नमुनाच चुकीचा आहे' असे तो कोणाला सांगणार?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. प्रत्येक जादा पायरी म्हणजे अपव्यय नव्हे. आपल्या भैरवगढच्या कारागृहात बंद्यांची मोजणी कोठडी उघडताना होते, बंद करतानाही होते. कारखान्याच्या हिशेबाने ही पुनरुक्ती. पण तेथे मोजणी चुकली, तर एक माणूस हिशेबातून नाहीसा होतो. तसेच जमिनीचा फेरफार करण्यापूर्वीची नोटीस, अपिलाची सुनावणी. या पायऱ्या दुर्बळाच्या संरक्षणासाठी आहेत. लीनच्या नावाखाली कोणी त्या उडवू लागला, किंवा केवळ पदे कमी करू लागला, तर त्याला विरोधच केला पाहिजे.

मध्यप्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला. देशातला तो पहिला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. आपल्या कायद्यात विलंबाबद्दल दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे आणि ती रक्कम भरपाई म्हणून अर्जदाराला देता येते. वाट पाहणाऱ्याच्या वेळेला कायद्याने किंमत दिली. पण मुदतीचा शेवटचा दिवस आला की त्रुटी काढून अर्ज परत करावा, ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. मी ती कायदा नसताना केली होती. म्हणून माझी सूचना एवढीच, की सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी द्याव्यात. दुसऱ्या फेरीत नवी त्रुटी काढावयाची तर वरिष्ठाची सही घ्यावी.

मुख्याध्यापकांशी आज सकाळी बोललो. शाळा सोडल्याचा दाखला मागणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज किती टेबलांवरून फिरतो, हे त्यांना सांगता आले नाही. मलाही माझ्या कचेरीत आले नसते. येत्या सोमवारी मी आणि दहावीचे दोन विद्यार्थी एका अर्जाबरोबर फिरणार आहोत. प्रत्येक टेबलावर तो केव्हा आला आणि केव्हा हलला, एवढेच वहीत लिहू. मुख्याध्यापकांनी ती वही सूचनाफलकाशेजारी टांगण्याचे कबूल केले आहे.