गावाच्या नोंदीसाठी छायाचित्रण



मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे मुळा नदीच्या काठचे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने महाळुंगे-बालेवाडी शिवारात श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ साली तेथेच राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. नदीपलीकडे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान विस्तारले. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने माण-महाळुंगे परिसरासाठी नगररचना योजना हाती घेतली. आणि २०२१ च्या जून अखेरीस पुणे महानगरपालिकेत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत महाळुंगेही होते. जेथे नांगर चालत असे तेथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, आणि हे सारे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडले.

अशा गावात छायाचित्रण शिकू लागलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न असतो तो कॅमेऱ्याचा. कोणता घ्यावा, किती रुपयांचा घ्यावा, त्याला कोणते भिंग जोडावे, याचीच चर्चा अधिक होते. वस्तुतः पहिला प्रश्न वेगळा आहे. छायाचित्र कशाचे घ्यावयाचे आणि ते पन्नास वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडावयाचे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर निश्चित झाले, की साधनांची निवड सोपी होते आणि तंत्रालाही दिशा मिळते. बदलत्या गावाची नोंद ठेवणे ही नवोदित छायाचित्रकाराची उत्तम शाळा आहे. गावाचीही ती निकडीची गरज आहे, कारण जे आज टिपले नाही ते उद्या टिपता येणार नाही.

महाराष्ट्रातील दोन धडे

छायाचित्रणाची कला महाराष्ट्रात फार लवकर आली. १८३९ साली फ्रान्समध्ये या शोधाची घोषणा झाली आणि १८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. मात्र, नोंदीच्या दृष्टीने दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत.

पहिले उदाहरण अजिंठ्याचे. तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी १८४४ साली मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठमोठ्या रंगीत नकला तयार केल्या व त्या विलायतेस धाडल्या. १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतील बहुतेक नकला जळून गेल्या. याच गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेऊन वेरूळ-अजिंठ्याची छायाचित्रेही काढली होती. त्यांतील ७४ छायाचित्रांचा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. त्या छायाचित्रांत रंग नव्हते, पण त्यांच्या प्रती अनेक होत्या. म्हणून एका आगीत ती नष्ट झाली नाहीत. जी नोंद एकाच प्रतीत राहते ती एका अपघाताच्या अंतरावर असते, हा यातील धडा होय.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली लोकांसमोर येण्यापूर्वी त्यांनी एक छोटी फिल्म तयार केली होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर एकाच जागी रोवला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट घेतली. पडद्यावर दाण्याला अंकुर फुटून वेल वाढताना दिसली. डोळ्यांना न दिसणारा संथ बदल स्थिर कॅमेऱ्यामुळे दिसू शकला. गावाचा बदलही असाच असतो. रोज पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. एकाच जागेवरून वारंवार घेतलेली चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे तो बोलू लागतो.

साधने : गरजेपुरती

एके काळी आपल्याकडील घरोघरच्या छायाचित्रांत 'आग्फा क्लिक थ्री' या साध्या पेटीवजा कॅमेऱ्याचा मोठा वाटा होता. १२० आकाराच्या एका रोलवर बारा चित्रे निघत. उटकमंडच्या 'हिंदुस्तान फोटो फिल्म्स' या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म त्या काळी मिळत असे. तो कारखाना पुढे बंद पडला. बारा चित्रांची मर्यादा असल्याने बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज भ्रमणध्वनीत हजारो चित्रे मावतात, पण तो विचार मात्र दुर्मिळ झाला आहे. नवशिक्याने आठवड्यातून एक दिवस बाराच चित्रे घेण्याचा नेम धरला, तरी त्याचा हात लवकर सुधारेल.

प्रारंभी हातातील भ्रमणध्वनी पुरेसा असतो. त्याचे भिंग वापरण्यापूर्वी स्वच्छ सुती कापडाने पुसावे; खिशातील धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांमुळेच बरीच चित्रे धुरकट येतात. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी चार पावले पुढे जावे, कारण अशा वाढीने बारकावे नाहीसे होतात. चेहऱ्याचे चित्र मात्र फार जवळून घेऊ नये. भ्रमणध्वनीचे भिंग रुंद दृष्टीचे असते, त्यामुळे नाक मोठे आणि कान लहान दिसतात.

पुढे वेगळा कॅमेरा घ्यावयाचा झाल्यास जुना वापरलेला, पण भिंग बदलता येणारा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे साधे भिंग एवढ्यावर पुष्कळ काम होते. पैसे उरल्यास ते महागड्या दुसऱ्या भिंगापेक्षा भक्कम ट्रायपॉडवर खर्चावेत. ट्रायपॉड नसेल तर वाळू भरलेली छोटी कापडी पिशवी भिंतीवर किंवा पारावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. कामचलाऊ आधार म्हणून ती उत्तम. मावळपट्ट्यातील पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. त्यासाठी कॅमेरा चामडी पिशवीत कोंडून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि अधूनमधून वापरत राहावा.

प्रकाशाचे गणित

छायाचित्रात येणारा प्रकाश तीन गोष्टींवर अवलंबून असतो : भिंगाचे छिद्र, शटर उघडे राहण्याचा वेळ आणि फिल्मची किंवा संवेदकाची प्रकाशग्रहणाची क्षमता. जुन्या छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आजही उपयोगी आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवावे आणि शटरचा वेळ क्षमतेच्या आकड्याइतका घ्यावा. म्हणजे क्षमता १०० असेल तर सेकंदाचा सुमारे सव्वाशेवा भाग. ढगाळ पण उजळ दिवशी छिद्र एफ-८ पर्यंत उघडावे. कॅमेरा हातात धरला असता ५० मिलिमीटरच्या भिंगाला शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा मंद ठेवू नये, अन्यथा हाताचा कंप चित्रात उतरतो.

आपल्याकडील एक अडचण परदेशी पुस्तकांत सहसा आढळत नाही. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा, अशा शेतकऱ्याचे चित्र दुपारी घेतले तर चेहरा काळा पडतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या कपड्यांनी तो फसतो आणि प्रकाश कमी करतो. शिवाय मे महिन्याच्या मध्यास पुण्याच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. यावर उपाय साधा आहे. माणसाला ओसरीच्या किंवा झाडाच्या मोकळ्या सावलीत उभे करावे, प्रकाश चेहऱ्यावरून मोजावा आणि भ्रमणध्वनीवर काम करताना चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश ठरवावा. कपडे थोडे अधिक उजळले तरी चालेल. माणूस ओळखू आला पाहिजे.

इमारती व घरे यांच्या बाबतीत दिशा पाहावी. पूर्वाभिमुख घर सकाळी, पश्चिमाभिमुख घर दुपारनंतर टिपावे. कडेने येणाऱ्या कोवळ्या उन्हात दगडी जोत्याचा प्रत्येक घडीव चिरा आणि लाकडी चौकटीवरील नक्षी उठून दिसते.

एकच जागा, एकच वेळ

नोंदीच्या छायाचित्रणाचे मर्म हे, की उद्या दुसऱ्या कोणालाही त्याच जागी उभे राहता आले पाहिजे. गावात आठ-दहा जागा निश्चित कराव्यात : नदीचा काठ, देवळासमोरील मोकळी जागा, शाळेचे फाटक, शिवेवरची वाट, जुनी विहीर, क्रीडासंकुलाकडे जाणारा रस्ता. प्रत्येक जागी सहजासहजी न हलणारी खूण धरावी. देवळाची पायरी किंवा पुलाचा कठडा त्यासाठी योग्य. कॅमेऱ्याची उंची आणि रोख वहीत लिहून ठेवावा. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी त्या जागेवरून चित्र घ्यावे. डिसेंबरातील सूर्य मे महिन्यातील सूर्यापेक्षा बराच खाली असतो. महिना बदलला तर सावल्या बदलतात आणि तुलना फसते. मुळेचे मे महिन्यातील पात्र आणि ऑगस्टमधील पात्र ही जणू दोन वेगळी दृश्ये असतात, त्यांची सरमिसळ होता कामा नये.

चित्रामागचा मजकूर

गट क्रमांक नसलेल्या सात-बाराला जेवढी किंमत, तेवढीच मजकूर नसलेल्या छायाचित्राला. मागील बाजूस नुसते 'महाळुंगे' असे लिहिल्यास ते मुळशी तालुक्यातील की खेड तालुक्यातील महाळुंगे इंगळे, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? म्हणून तारीख, वेळ, गाव, तालुका, जागेचे स्थानिक नाव, कॅमेऱ्याचा रोख आणि चित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने, एवढा मजकूर प्रत्येक चित्रासोबत असावा.

महाळुंग्यासारख्या गावात याला आणखी एक कारण आहे. नगररचना योजनेत मूळ भूखंडांच्या जागी नव्याने आखलेले अंतिम भूखंड येतात आणि त्यांना नवे क्रमांक मिळतात. अमक्याचे शेत, तमक्याचा मळा, बांधावरचे आंब्याचे झाड ही ओळख कागदावरून पुसली जाते. जुना गट क्रमांक आणि लोकांच्या तोंडी असलेले जागेचे नाव ज्या छायाचित्रावर नोंदले आहे, ते छायाचित्र जुन्या व नव्या नकाशांमधील दुवा ठरते. ग्रामपंचायत संपते तेव्हा तिचे दप्तर नव्या संस्थेकडे सोपविले जाते. पण कार्यालयातील तसबिरीत कोण उभे आहे, याचे उत्तर दप्तरातील नमुन्यात नसते. ते गावातील वृद्धांच्या स्मरणात असते, आणि स्मरण सोपवून घेता येत नाही.

जतनाविषयी एक सूचना महत्त्वाची. भ्रमणध्वनी छायाचित्राबरोबर तारीख आणि सुरू असल्यास स्थळाचे अक्षांश-रेखांशही साठवतो. व्हॉट्सअॅपवरून चित्र म्हणून पाठविले असता ते लहान होते आणि ही माहिती गळून पडते. म्हणून मूळ चित्र दस्तऐवज म्हणून पाठवावे. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत. निवडक चित्रे कागदावर छापून त्यांच्यामागे मऊ पेन्सिलीने मजकूर लिहावा.

कोणी काय करावे

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या कामांत कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर अशी स्थळासह छायाचित्रे घेण्याची पद्धत रूढ झाली. ग्रामीण घरकुलांच्या बाबतीतही बांधकामाच्या टप्प्यांची चित्रे घेतली जातात. ही चित्रे केवळ हप्ता मिळण्यापुरती धूसर काढू नयेत. कामाच्या आधीची जागा नीट टिपली असेल, तरच नंतरच्या बंधाऱ्याचे मोल कळते. समारंभाच्या छायाचित्रांत फीत कापणारा हात स्पष्ट दिसतो आणि मागचा बंधारा दिसत नाही, असे वारंवार घडते. हाराचे एक चित्र घ्यावे, पण बंधाऱ्याची चार घ्यावीत.

शिक्षकांनी सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांचा गट करून एकेका जागेची जबाबदारी द्यावी. प्रकाश, दिशा, नकाशा आणि स्थानिक इतिहास हे चारही विषय त्यातून शिकवून होतात. ज्या गावांत ग्रामपंचायत आहे तेथील सदस्यांनी छायाचित्रांची एक नोंदवही कार्यालयात ठेवावी आणि जुन्या चित्रांतील माणसे ओळखण्यासाठी वृद्धांना वर्षातून एकदा आदराने बोलवावे. माणसाचे चित्र त्याच्या संमतीने घ्यावे आणि त्याची एक छापील प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. ज्या घरात एक प्रत पोहोचते त्या घराची जुनी पेटी पुढच्या वेळी आपण होऊन उघडली जाते, आणि तिच्यातून गावाची हरवलेली पाने बाहेर येतात.

विकास थांबत नाही, थांबूही नये. परंतु रस्ता कोणत्या शेतातून गेला आणि इमारत कोणाच्या बांधावर उभी राहिली, हे पुढच्या पिढीला दाखविता आले पाहिजे. पुण्याभोवतीच्या अनेक गावांची पाळी यायची आहे. त्यांच्यापाशी अद्याप वेळ आहे, आणि लागणारे साधन बहुतेकांच्या खिशात आहे. येत्या रविवारी सकाळी गावातील एक जागा निवडून, तारीख-वार व गट क्रमांकासह तिचे पहिले छायाचित्र घ्यावे.